प्लॉटरची अक्षरओळख

ऑफिसच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात आपण मुद्दाम काही ठेवत नाही. तरी चार वर्षांनी उघडला की संपलेली रिफिलं, एका कानातलं डूल, कुणाच्या तरी बदलीच्या पार्टीचा फोटो, असं काय काय निघतं. किश्शांचंही तसंच असतं. आमच्या जुन्या स्टॅटिस्टिक्स सेक्शनची माणसं कुठे लग्नात भेटली की कुणीतरी तो खण ओढतं, आणि मग पंगत उठली तरी आम्ही काही उठत नाही.

गोष्ट नागपूरची. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. शेतीसंशोधनाची एक सरकारी संस्था, तिच्यात आमचा सेक्शन, आणि मी स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी करून पहिल्याच नोकरीवर. माझ्यासोबत त्याच आठवड्यात वानखेडे रुजू झाला. तो हिंगण्याकडचा, रोज मोटरसायकलनं यायचा आणि फोर्ट्रान ही कॉम्प्युटरची भाषा अशी लिहायचा जशी काही ती त्याच्या आजोळची आहे. आमचे साहेब डॉ. दाणी. आवाज कधी चढला नाही त्यांचा, पण एका वाक्यात माणूस गार. आणि ड्रॉइंग रूमच्या प्रमुख मेश्राम बाई. संस्थेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आलेखावरचं प्रत्येक अक्षर त्यांच्या हातचं असायचं.

त्यात एक दिवस प्लॉटर आला. म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं चित्र काढणारं यंत्र. ढोलासारखा एक रूळ, त्यावर कागदाची गुंडाळी, वर शाईचं पेन. कागद पुढेमागे सरकायचा, पेन डावीउजवीकडे पळायचं, आणि दोघांच्या धावपळीतून अशी काही देखणी वक्ररेषा उतरायची की मी पहिल्या दिवशी डबा खायचं विसरले.

* * *

वळणं यायची हो त्याला, पण लिहिता येत नव्हतं. म्हणजे इंग्रजीची कॅपिटल अक्षरं आणि आकडे यायचे. बास. ग्रीक नाही, वर चढवलेला वर्ग नाही, खाली उतरवलेला अंक नाही. आणि आमचं तर सगळं दुकान सिग्मा-म्यूवर चालायचं.

पहिला आलेख कापसाचा होता. मी आणि वानखेडेनं जमेल तसं लेबल लिहून घेतलं आणि कागद फाडून धावत दाणी साहेबांकडे नेला. खाली ठळक अक्षरांत आलं होतं: SIGMA SQUARED EQUALS 4.2.

साहेबांनी चष्मा लावला. एकेक शब्द बोट ठेवून वाचला. त्या दिवसांत अशी सगळी कॅपिटल इंग्रजी अक्षरं घरी यायची ती तारेनंच. त्यांनी कागद हळूच टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे बघून गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं?"

आम्ही हसलो, पण फार वेळ नाही. संचालकांनी त्याच दुपारी निरोप पाठवला: रेघा मशीन मारणार आणि अक्षरं माणसांनीच काढायची असतील, तर पावसाळ्याआधी ते मशीन सर्व्हेवाल्यांना देऊन टाका. त्यांना अक्षरं फारशी लागत नाहीत.

वानखेडे त्या प्लॉटरकडे असा बघत होता जसं कुणी त्याची मोटरसायकल मागितली आहे. "देत नाही," तो म्हणाला. "याले लिहाले शिकवू."

* * *

शिकवायचं तर अक्षरं पाहिजेत. अक्षरं मेश्राम बाईंकडे. आणि मेश्राम बाईंना प्लॉटरचं नावसुद्धा काढलेलं चालत नव्हतं.

आम्ही दोघं गेलो. त्या ट्रेसिंग पेपरवर वाकल्या होत्या. वर न बघता त्यांनी ऐकून घेतलं, पेन पुसलं आणि मला म्हणाल्या, "काहून वं पोरी, माह्या पोटावर पाय द्याचा आहे, अन् जोडाही मीच आणून देऊ?"

वानखेडे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच आमच्या खोलीत आल्या. काखेत ग्राफ पेपरची गुंडाळी. टेबलावर पसरली तर सगळी ग्रीक बाराखडी, एकेका चौकोनात एकेक अक्षर, कोणत्या टोकापासून सुरू करायचं त्याच्या बाणासकट.

"हे मशीन माही जागा घेणारच असन," त्या म्हणाल्या, "तर माह्या अक्षरानं घेऊ दे. त्या मरतुकड्या स्टेन्सिलच्या अक्षरानं नाही."

मग सुरू झालं काम. अक्षर म्हणजे प्लॉटरसाठी फक्त बिंदू. पेन टेकव, या बिंदूवर जा, त्या बिंदूवर जा, पेन उचल. मी चौकोन मोजून आकडे लिहून घ्यायची, वानखेडे ते प्रोग्राममधे बसवायचा. पहिलं अक्षर घेतलं मोठा सिग्मा, बेरजेचा. आम्ही तिघंही प्लॉटरवर वाकलो. पेन खाली आलं, गेलं, वळलं, परत आलं.

कागदावर उमटला तीन.

वानखेडेनं एका दिशेचं चिन्ह उलटं धरलं होतं. सिग्मा आरशात दिसावा तसा आला होता. मेश्राम बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "अक्षर माहंच आहे," त्या म्हणाल्या. "पण यानं मागून पाहून काढलं."

एक उणे चिन्ह घातलं आणि पुन्हा चालवलं. या वेळेला सिग्मा आला तो असा, की जणू ड्रॉइंग रूममधूनच आला आहे. तेच टोक, तोच खालचा बाक. मेश्राम बाई वाकल्या आणि ओल्या शाईवर हळूच फुंकर मारली, स्वतः काढलेल्या अक्षरावर मारायच्या तशी.

* * *

आता आमच्या अंगात आलं. नुसती अक्षरं काय, सगळं लेबलच प्रोग्रामनं स्वतः जुळवायचं असं आम्ही ठरवलं. तो सगळ्या पिकांचे आकडे वाचणार, प्रत्येकाचं समीकरण काढणार, आणि त्याच उत्तराचं लेबल तयार करून त्या आलेखाखाली लिहिणार. वाय बरोबर ए अधिक बी एक्स, आणि ए आणि बीच्या जागी त्या त्या पिकाचे खरे आकडे. माणसानं हात लावायचा नाही. त्या कल्पनेनं मला रात्रभर झोप आली नाही.

प्रोग्राम मी लिहिला. सकाळी चालवला, आणि कापूस, ज्वारी, संत्रं, मिरची, एकामागून एक आलेख खळाखळा बाहेर पडायला लागले. मी ते कापून थेट साहेबांच्या टेबलावर मांडले.

सगळ्यांवर एकच लेबल होतं: YIELD OF CROP. Y = A + BX.

दाणी साहेबांनी ते पत्त्यांसारखे ओळीनं लावले. "छान," ते म्हणाले. "आता यातलं संत्रं ओळखायला कुणाला बोलावू?"

मी समजावून सांगायला लागले. क्रॉप हे एका खोक्याचं नाव आहे, त्यात पिकाचं नाव ठेवलेलं असतं, पण मी ते अवतरणात टाकलं म्हणून मशीननं खोक्यातलं न लिहिता खोक्याचंच नाव लिहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. तेवढ्यात मेश्राम बाई दारात आल्या होत्या, त्या मधे बोलल्या.

"साहेब, आमच्या शेजारच्या पोरीले शाळेत बाई म्हणाल्या, पाटीवर तुझं नाव लिही. तिनं लिवलं, तुझं नाव."

साहेबांना लख्ख कळलं. क्षणभर विचार करून त्यांनी विचारलं, "मग पास केलं का तिला?"

"केलं ना. शुद्धलेखन बरोबर होतं."

अवतरणं काढली. पुढच्या वेळेला संत्र्याखाली संत्र्याचे आकडे आले, मिरचीखाली मिरचीचे, आणि मी कागद हातात धरून कॉरिडॉरभर नाचायचीच बाकी होते. फक्त एका आलेखाखाली आलं होतं Y = 12.6 + -0.3X. वानखेडेनं ते बघितलं आणि म्हणाला, "अधिक, उणे? हे तर या म्हणते अन् दार लावून घेते." त्याच्यासाठी आणखी एक अट घालावी लागली.

* * *

वर चढवायचं आणि खाली उतरवायचं, ही युक्ती वानखेडेची. लेबल लिहिताना मधे तिरपी रेघ आणि यू टाकला की पुढचं सगळं बारीक होऊन वर जाणार, तिरपी रेघ आणि डी टाकला की खाली जाणार. यू म्हणजे अप, डी म्हणजे डाउन. इतकं सोपं, की आम्ही दिवसभर एकमेकांची नावं वरखाली करून बघत होतो.

संस्थेत बातमी पसरली. पशुसंवर्धनाचे डॉ. खान आपल्या गाईंच्या दुधाचे आकडे घेऊन आले. सरळ काम होतं. वानखेडेनं आलेख काढून दिला आणि खान साहेब तो घेऊन गेले. पाच मिनिटांनी परत आले.

"अरे भाई," ते म्हणाले, "ये एवाय कौन है?"

उभ्या अक्षावर लिहायचं होतं, दूध, किलो प्रति दिवस. वानखेडेनं इंग्रजीत साधंसुधं लिहिलं होतं, केजी, तिरपी रेघ, डे. प्लॉटरनं केजी लिहिलं. मग तिरपी रेघ आणि डी पाहिला. त्याला शिकवलं होतं तसं त्यानं शहाण्यासारखं केलं, ते दोन्ही गिळले आणि उरलेलं एवाय बारीक करून खाली नेऊन ठेवलं.

वानखेडे कागदाकडे बघतच राहिला. मग मान वर करून अगदी हताश आवाजात म्हणाला, "सर, दिवस बुडाला."

खान साहेब नागपुरातच वाढलेले. त्यांना खुर्चीत बसावं लागलं, इतके हसले. तिरप्या रेघेच्या जागी दुसरं चिन्ह घेऊन आम्ही ती चूक त्याच दिवशी दुरुस्त केली. पण साडेपाच वाजले की खान साहेब आमच्या दारावरून जाताना आत डोकावायचे आणि म्हणायचे, "चलो भाई, एवाय हो गया."

* * *

संचालकांनी दिलेली मुदत संपत आली तेव्हा त्यांनी एक काम पाठवलं. नॉर्मल कर्व्हचा मोठा आलेख, आणि त्याच्या शेजारी पूर्ण सूत्र. ज्यांना ते सूत्र माहीत नाही त्यांना एवढंच सांगते, की त्यात एक अक्षर आहे, त्याच्या डोक्यावर बसलेलं एक लांब पद आहे, आणि त्या पदाच्या डोक्यावर आणखी एक वर्ग बसलेला आहे. तिसऱ्या मजल्यावर. "हे जमलं तर ठेवा," संचालक म्हणाले. "मी चार वाजता येतो."

आमचा नियम असा होता, की वर चढलं की अक्षर अर्ध्या मापाचं होणार. वर चढलेल्यावर पुन्हा चढलं की त्याच्याही अर्ध्याचं. कागदावर विचार करताना आम्हाला तो फार सुंदर वाटला होता.

चार वाजता खोलीत संचालक, दाणी साहेब, मेश्राम बाई, आम्ही दोघं. वानखेडेनं कॉम्प्युटरला हुकूम दिला. कर्व्ह आला, घंटेसारखा डौलदार. सूत्र सुरू झालं. पहिला मजला झाला, मेश्राम बाईंचा सिग्मा झोकात आला. पेन दुसऱ्या मजल्यावर चढलं. म्यू आला, कंस आला. मग ते तिसऱ्या मजल्यावर गेलं आणि तिथं एवढंसं दोन काढायला लागलं. इतकंसं, की पेन जागच्या जागी थरथरतंय असंच वाटलं. शाईचा थेंब जमला, कागद भिजला, पेन मात्र गोल गोल फिरतच होतं. मग अगदी बारीक असा टक् आवाज आला.

कागदाला भोक पडलं होतं.

प्लॉटरनं मात्र निवांतपणे उरलेलं सूत्र पूर्ण केलं आणि पेन उचललं. संचालकांनी कागद काढून घेतला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. त्या भोकातून ऊन आत आलं. वानखेडेच्या शर्टावर त्याचा ठिपका पडला.

"दाणी," संचालक म्हणाले, "तुमचा वर्ग तर आरपार दिसतो."

साहेब म्हणाले, "सर, बाकीचं सूत्र बघा. एक अक्षर हातानं काढलेलं नाही."

संचालकांनी बघितलं. सावकाश, वरून खालपर्यंत. मग मेश्राम बाईंकडे वळून विचारलं, "हा सिग्मा तुमचा ना? मी माझ्या थीसिसपासून ओळखतो." बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत हसल्या.

सर्व्हेवाल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही नियम बदलला. दुसऱ्या मजल्यानंतर कुणी लहान व्हायचं नाही.

* * *

पण सगळ्याच चुका हसण्यावारी जात नाहीत. हे मिरचीचं सांगते.

मे महिना. खोलीतला एसी बंद पडला आणि त्या उन्हाळ्यात पेनमधली शाई कागदावर यायच्या आधीच वाळायला लागली. मोठ्या रेघा यायच्या, कारण पेन चालत असलं की शाई उतरायची. पण टिंब काढताना ते फक्त टेकून उठायचं. त्या टेकण्यात शाई येईच असं नाही.

तेव्हा आम्ही भिवापूरच्या प्रदर्शनासाठी मिरचीचा तक्ता काढला होता. नेहमीपेक्षा एक पाणी जास्त दिलं तर एकरी किती किलो वाढ, त्याचं समीकरण. वाढ होती चार दशांश एक. म्हणजे जास्तीचं पाणी देऊन काही फायदा नाही, हेच तर आम्हाला सांगायचं होतं. तक्त्यावर टिंब उमटलं नाही. भिवापूरच्या शेतकऱ्यांनी वाचलं, एक्केचाळीस.

हिवाळ्यात एक दिवस गुलाबराव नावाचे शेतकरी एसटीनं नागपूरला आले आणि विचारत विचारत आमच्या खोलीत शिरले. पन्नाशीचे, अंगात कोट, खांद्यावर दुपट्टा.

"तो तक्ता कोणं काढला?" त्यांनी विचारलं.

वानखेडे उठला. "आम्हीच काढला, काका."

"मग मले सांगा, माही मिरची कुठं गेली? तुमचं वाचून मी दोन पाणी जास्तीचं देल्लं. इंजिन लावून देल्लं. वाढ त राहिली, अर्धं वावर पिवळं पडलं. बायको रोज इचारते, कोणं सांगतलं होतं. मी सांगतो, सरकारनं. ते म्हणते, मग सरकारलेच खाऊ घाला."

मी मूळ कागद काढला. आमच्या आकड्यांत चार दशांश एक होतं. तक्त्याच्या प्रतीत टिंबाच्या जागी पेन टेकल्याचा नुसता कोरडा खड्डा होता, बोट फिरवलं तर लागायचा. गुलाबरावांनीही बोट फिरवलं. त्यांचा राग त्या खड्ड्यात कुठेतरी अडकल्यासारखा झाला. ते बसले.

"एवढ्याशा टिंबापायी," ते म्हणाले.

दाणी साहेबांना बोलावलं. ते आले, ऐकलं, आणि सारवासारव न करता म्हणाले, "चूक आमची आहे. मी उद्या तुमच्या शेतावर येतो." आणि खरंच पहाटेच्या एसटीनं भिवापूरला गेले. पुढच्या हंगामात संस्थेनं आपलं प्रात्यक्षिक गुलाबरावांच्याच वावरात घेतलं, बी-खत सगळं संस्थेचं. उत्पन्न त्यांचं.

पण त्या दिवशी जायच्या आधी गुलाबरावांनी प्लॉटर बघायला मागितला. वानखेडेनं त्यांना टिंब काढून दाखवलं. ते वाकून बघत होते.

"असं नाही गा," ते म्हणाले. "टिंब असं काढा का मिरचीच्या बियाएवढं दिसलं पायजे. म्हातारा माणूस बी दुरून वाचन असं."

तसंच केलं. पेन टेकवून उचलायचं नाही, एक छोटा गोल काढून तो आतून भरायचा. त्यासाठी वेगळा तुकडा लिहिला, आणि त्याला नाव काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. फोर्ट्रानमधे नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालायचं नाही. MIRCHI बरोब्बर सहा. त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक आलेखात दशांश आला की प्रोग्राम मिरचीला हाक मारायचा. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञांनी आमचा प्रोग्राम चाळला, दर दोन ओळींनी कॉल मिरची, कॉल मिरची. ते म्हणाले, "मैंने सुना था विदर्भ में तीखा खाते हैं. इतना?"

* * *

शेवटचं भागाबाईंचं. हा किस्सा सांगायचा तर वानखेडेनंच सांगावा, पण तो सांगताना दरवेळी मधेच थांबतो, म्हणून मी सांगते.

संस्थेच्या आवारात शेतकरी मेळावा भरायचा होता, आणि संचालकांनी सांगितलं, या वेळेला आलेखांवर मराठी पाहिजे. मेश्राम बाईंनी पुन्हा ग्राफ पेपर काढला. इंग्रजीपेक्षा हे वेगळंच प्रकरण निघालं. पहिला शब्द काढला किलो. आम्ही बोलतो त्या क्रमानं दिला, आधी क, मग वेलांटी. प्लॉटरनं क काढला, त्याच्यापुढे वेलांटी काढली, ती जाऊन बसली 'ल'च्या डोक्यावर. दाणी साहेब वाचून म्हणाले, "हेक्टरी इतका कली? म्हणजे कलियुग आलंच की." मग ऱ्हस्व वेलांटी आली की पेननं एक घर मागे यायचं, असं त्याला शिकवलं.

शिरोरेघेवर दोन दिवस वाद झाला. वानखेडे म्हणे प्रत्येक अक्षरासोबत तिचा तुकडा काढू. मेश्राम बाई म्हणाल्या, "असं कोणी लिवते काय? आधी अक्षरं, मागून एक रेघ." शेवटी तसंच ठेवलं. शब्द तोडून रेघ काढायला आम्हाला सवड झाली नाही, म्हणून सगळ्या लेबलावरून एकच सलग रेघ जायची. आणि अक्षरं नीट आली की नाही हे बघता यावं म्हणून वानखेडेनं रेघेच्या आधी मशीनला थांबायला सांगितलं होतं. त्यानं बटण दाबलं की मगच रेघ.

मेळाव्याच्या दिवशी लोकांना दाखवायला म्हणून वानखेडेनं एकाचं नाव काढून दिलं. झालं. अर्ध्या तासात दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत रांग. दाणी साहेबांनी वर्षानुवर्षांच्या प्रयोगांचे आलेख भिंतीभर लावले होते, त्यांच्याकडे पाठ करून माणसं उभी. आम्हाला त्याचंही काही वाटत नव्हतं. नाव उमटताना एकेकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुपारी मेश्राम बाईंची आई आली. उमरेडची, हातमागावर जन्म गेलेला. नाव भागाबाई. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत बायांचा वर्ग निघाला होता, त्यात मोठेपणी अक्षरं शिकलेली. ती रांगेत उभी राहून पुढे आली आणि आधी नुसती प्लॉटर बघत राहिली. पेन डावीउजवीकडे पळतं, कागद पुढे सरकतो. "धोटा बरा चालते याचा," ती म्हणाली. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो, तो धोटा.

वानखेडेनं विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."

"भागाबाई."

"पुढं?"

"रामटेके."

"मधलं?"

भागाबाई गप्प. वानखेडेला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं मोठ्यानं विचारलं, "आजी, मालकाचं नाव?"

रांगेतल्या बाया हसायला लागल्या. मेश्राम बाई पुढे झाल्या. "मी सांगतो, माह्या बाबाचं नाव..."

"तू चूप बस वं," भागाबाई म्हणाली. "त्यानं मले इचारलं."

"मग सांग ना."

"घेत असतेत काय नाव, एवढ्या लोकाइत?" तिनं वानखेडेकडे बघितलं. "त्या मशीनले म्हण, मधात जागा सोड."

वानखेडेनं जागा सोडली. पेननं भागाबाई काढलं, मग बराच वेळ हवेतून चालत गेलं, आणि पलीकडे रामटेके काढलं. दोन्हीकडे उघडी अक्षरं, मधे कोरा कागद. मशीन थांबलं.

भागाबाईनं मेश्राम बाईंच्या हातातलं पेन मागून घेतलं. पदर खोचला, रुळावर वाकली, आणि त्या मोकळ्या जागेत एकेक अक्षर काढायला लागली. सावकाश. मोठाली अक्षरं, थोडी तिरपी. मागे रांगेत कुणी घाई केली नाही. झाल्यावर तिनं वर रेघ मारायला पेन उचललं, तेव्हा मेश्राम बाई म्हणाल्या, "राहू दे आई, ते तो मारते."

वानखेडेनं बटण दाबलं. पेन मागे गेलं, भागाबाईच्या 'भ'पासून निघालं, आणि मधल्या हातच्या अक्षरांवरून, रामटेकेच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढून थांबलं.

वानखेडेनं कागद कापून तिच्या हातात दिला. "आता वाचून दाखवा, आजी."

भागाबाईनं कागद टेबलावर सपाट केला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "भागाबाई," ती म्हणाली. मग बोट मधल्या शब्दाखाली आलं. तिथून ते एकेका अक्षराखाली थांबत, हळूहळू, पुढे सरकत गेलं. ओठ मिटलेले. शेवटचं अक्षर संपलं तसं तिनं बोट पुढे घेतलं आणि म्हणाली, "रामटेके."